परकीय लष्करी तळ आणि गुन्ह्यांचे उत्तरदायित्व : ओकिनावाच्या विशेष संदर्भात

सारांश :

मित्रराष्ट्राच्या भूमीवर तैनात असलेल्या परकीय सैनिकाने स्थानिक नागरिकाविरुद्ध गुन्हा केल्यास त्याच्यावर खटला कोणी चालवावा, याचे उत्तर बहुधा त्या दोन राष्ट्रांतील करारात दिलेले असते. तरीही अनेक प्रकरणांत पीडितांना न्याय मिळाला नाही, अशी स्थानिक समाजाची भावना कायम राहते. करारातील हक्क आणि प्रत्यक्ष न्याय यांत हे अंतर का पडते, याचा शोध प्रस्तुत लेखात जपानमधील ओकिनावा बेटांच्या अनुभवाच्या आधारे घेतला आहे. फिलिपिन्स, इटली व दक्षिण कोरिया येथील काही प्रकरणे तुलनेसाठी घेतली असून शेवटी भारताच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व सांगितले आहे.

प्रस्तावना :

राज्याच्या सीमेत घडलेल्या गुन्ह्याचा न्याय त्या राज्याच्या न्यायालयाने करावा, हे सार्वभौमत्वाचे मूलतत्त्व आहे. गुन्हेगार परदेशी नागरिक असला तरी हा नियम बदलत नाही. परंतु तो परदेशी नागरिक गणवेशातील सैनिक असेल आणि यजमान राष्ट्राच्या संमतीने तेथे तैनात असेल, तर हा सरळ नियम गुंतागुंतीचा होतो. सैनिकाला पाठवणाऱ्या राष्ट्राला आपल्या सैन्याची शिस्त स्वतःच्या हाती हवी असते. यजमान राष्ट्राला आपल्या नागरिकांचे रक्षण करावयाचे असते. या दोन दाव्यांमध्ये तडजोड घालण्यासाठी जे करार केले जातात, त्यांना या लेखात ‘सैन्यदर्जा करार’ असे म्हटले आहे.

युद्धकाळात शत्रूच्या प्रदेशात घडणाऱ्या युद्धगुन्ह्यांचा विषय स्वतंत्र असून त्याचा विचार येथे केलेला नाही. शांततेच्या काळात मित्रराष्ट्राच्या भूमीवर घडणारे खून, बलात्कार, मारहाण आणि अपघाती मृत्यू एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1) सैन्यदर्जा करारांतील न्यायाधिकाराच्या विभागणीचे स्वरूप समजून घेणे.
2) ओकिनावातील प्रमुख प्रकरणांच्या आधारे कराराच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीचा आढावा घेणे.
3) उत्तरदायित्व निश्चित होण्यात येणारे अडथळे स्पष्ट करणे.
4) भारताच्या संदर्भात या प्रश्नाचे महत्त्व विशद करणे.

न्यायाधिकाराच्या विभागणीची तत्त्वे :

या विषयाचा उगम बहुधा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1812 सालच्या ‘स्कूनर एक्सचेंज’ खटल्यापर्यंत नेला जातो. एखाद्या राजाने परकीय सैन्याला आपल्या भूमीतून जाण्याची परवानगी दिली, तर त्या सैन्यावरील आपला न्यायाधिकार त्याने तेवढ्या काळापुरता सोडला असे मानावे, असा विचार सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी त्या निर्णयात मांडला. वाटेवरून जाणाऱ्या सैन्यासाठी हा विचार सोयीचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र सैन्ये वाटेवरून जाणारी राहिली नाहीत. ती दशकानुदशके एकाच ठिकाणी राहू लागली. त्यांच्या छावण्यांभोवती शहरे वाढली आणि सैनिकांचा नागरी जीवनाशी रोजचा संबंध येऊ लागला.

या बदललेल्या परिस्थितीसाठी 19 जून 1951 रोजी नाटो राष्ट्रांनी लंडन येथे सैन्यदर्जा करार केला. त्याच्या सातव्या कलमात दिलेले सूत्र पुढे अनेक करारांनी स्वीकारले. त्यानुसार दोन्ही राष्ट्रांच्या कायद्यांनी दंडनीय असलेल्या गुन्ह्यात दोघांनाही न्यायाधिकार असतो. प्रश्न उरतो तो अग्रक्रमाचा. गुन्हा सैनिकाच्या स्वतःच्या राष्ट्राविरुद्ध किंवा त्याच्या सहकाऱ्याविरुद्ध असेल, अथवा कर्तव्य बजावताना घडला असेल, तर अग्रक्रम पाठवणाऱ्या राष्ट्राचा. अन्य सर्व गुन्ह्यांत अग्रक्रम यजमान राष्ट्राचा. अग्रक्रम असलेले राष्ट्र आपला हक्क सोडू शकते आणि दुसऱ्या राष्ट्राने तशी विनंती केल्यास तिचा सहानुभूतीने विचार करावा, अशीही तरतूद आहे.

वरवर पाहता ही विभागणी न्याय्य वाटते. परंतु तिच्यातून तीन प्रश्न निर्माण होतात. गुन्हा कर्तव्य बजावताना घडला की नाही, हे कोण ठरवणार? आरोपपत्र दाखल होईपर्यंत आरोपी कोणाच्या ताब्यात राहणार? आणि हक्क सोडण्याचा निर्णय कोणत्या दबावाखाली घेतला जाणार? ओकिनावाचा अनुभव याच तीन प्रश्नांभोवती फिरतो.

ओकिनावाची पार्श्वभूमी :

1945 च्या भीषण लढाईनंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात गेले. जपानचे सार्वभौमत्व 1952 मध्ये पुनःस्थापित झाले, तरी ओकिनावा 15 मे 1972 पर्यंत अमेरिकी प्रशासनाखालीच राहिले. या 27 वर्षांत अमेरिकी सैनिकावर खटला चालवण्याचा अधिकार स्थानिक न्यायालयांना नव्हता. 1955 मध्ये सहा वर्षांच्या एका बालिकेवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. लष्करी न्यायालयाने आरोपी सैनिकास मृत्युदंड ठोठावला, परंतु त्याला अमेरिकेत नेल्यानंतर ती शिक्षा सौम्य करण्यात आली. 1970 मध्ये इतोमान येथे एका स्त्रीला मोटारीने चिरडणाऱ्या सैनिकाची लष्करी न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. त्याच वर्षी 20 डिसेंबरच्या पहाटे कोझा शहरात आणखी एका अपघाताचे निमित्त होऊन जमावाने अमेरिकनांच्या सत्तरहून अधिक मोटारी जाळल्या. न्यायालयाचे दार बंद असलेल्या समाजाचा रोष रस्त्यावर व्यक्त झाला, असेच या घटनेचे वर्णन करावे लागेल.

1972 नंतर ओकिनावाला जपान-अमेरिका सैन्यदर्जा करार लागू झाला. जपानच्या एकूण भूमीपैकी सुमारे 0.6 टक्के भूमी असलेल्या या प्रांतात केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी राखलेल्या लष्करी क्षेत्रापैकी सुमारे 70 टक्के क्षेत्र एकवटले आहे. साहजिकच या कराराच्या उणिवांचा भार मुख्यतः याच प्रांतावर पडतो. 1972 पासून अमेरिकी सैनिक, नागरी कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांच्याकडून घडलेल्या सहा हजारांहून अधिक गुन्ह्यांची नोंद प्रांताच्या दप्तरी आहे.

‘कर्तव्य’ या शब्दाची व्याप्ती :

1952 च्या मूळ प्रशासकीय करारानुसार अमेरिकी सैनिकांवरील संपूर्ण न्यायाधिकार अमेरिकेकडे होता. 1953 मध्ये नाटोचे सूत्र स्वीकारण्यात आले आणि 1960 च्या सैन्यदर्जा कराराच्या सतराव्या कलमात ते कायम राहिले. गुन्हा कर्तव्य बजावताना घडला, असे प्रमाणपत्र सैनिकाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने दिल्यास, विरुद्ध पुरावा पुढे येईपर्यंत ते ग्राह्य धरले जाते.

या तरतुदीची पहिली मोठी कसोटी जिरार्ड खटल्यात लागली. 30 जानेवारी 1957 रोजी गुन्मा प्रांतातील सोमागाहारा येथील गोळीबार मैदानावर रिकामी काडतुसे वेचणाऱ्या एका 46 वर्षीय स्त्रीवर या सैनिकाने बंदुकीला जोडलेल्या साधनातून रिकामे काडतूस झाडले. त्यात तिचा मृत्यू झाला. भंगार विकून चार पैसे मिळवण्यासाठी परिसरातील गरीब लोक या मैदानावर येत असत. सैनिकाला मशीनगनच्या राखणीवर नेमलेले असल्याने ही कृती कर्तव्याचा भाग होती, असे अमेरिकी सैन्याचे म्हणणे होते. काडतुसे वेचणाऱ्या स्त्रीवर नेम धरणे हे कोणाचेही कर्तव्य असू शकत नाही, अशी जपानची भूमिका होती. अखेर अमेरिकी सरकारने त्याला जपानच्या न्यायालयाकडे सोपवण्याचे मान्य केले. त्यास वॉशिंग्टन येथील न्यायालयाने मनाई केली असता सर्वोच्च न्यायालयाने 11 जुलै 1957 रोजी ‘विल्सन विरुद्ध जिरार्ड’ या निर्णयात ती मनाई रद्द केली. आपल्या सीमेतील गुन्ह्यास शिक्षा करण्याचा अधिकार सार्वभौम राष्ट्राचा आहे, हे तत्त्व त्यात ठामपणे सांगितले गेले.

तत्त्वाचा हा विजय निकालात मात्र फारसा उतरला नाही. माएबाशी येथील न्यायालयाने त्या सैनिकास तीन वर्षांची शिक्षा दिली आणि तिची अंमलबजावणी स्थगित ठेवली. तो थोड्याच दिवसांत मायदेशी परतला. पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून असे दिसते की, त्याच्यावर खुनाचा आरोप न ठेवता मृत्यूस कारणीभूत झालेल्या दुखापतीचा सौम्य आरोप ठेवावा, अशी समजूत दोन्ही सरकारांमध्ये आधीच झाली होती.

‘कर्तव्य’ या शब्दाचा अर्थ किती ताणला जाऊ शकतो, याचे आणखी एक उदाहरण उल्लेखनीय आहे. अधिकृत समारंभात मद्यपान करून घरी परतणाऱ्या सैनिकाचे वाहन चालवणेही कर्तव्यात मोडू शकते, असा अर्थ 1956 मध्ये उभय देशांच्या संयुक्त समितीने मान्य केला होता. तो डिसेंबर 2011 मध्ये बदलण्यात आला. म्हणजे सुमारे 55 वर्षे ही सवलत कागदावर होती आणि ज्यांच्या गावातील रस्त्यांवरून ही वाहने धावत होती, त्या नागरिकांपैकी फार थोड्यांना तिची माहिती असेल.

ताब्याचा प्रश्न आणि 1995 ची घटना :

4 सप्टेंबर 1995 रोजी तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचे अपहरण करून तिच्यावर बलात्कार केला. गुन्हा कर्तव्याबाहेरचा होता आणि अग्रक्रम निःसंशय जपानचा होता. त्यामुळे खटला कोणी चालवावा याविषयी वाद नव्हता. तरीही ओकिनावा पोलिसांना आरोपींचा ताबा मिळाला नाही. कारण सतराव्या कलमानुसार आरोपी अमेरिकी सैन्याच्या हाती असल्यास जपानने आरोपपत्र दाखल करेपर्यंत तो त्यांच्याच ताब्यात राहतो. पोलिसांना आरोपींची चौकशी करता आली, परंतु त्यांचा ताबा 29 सप्टेंबरला आरोपपत्र दाखल झाल्यावरच मिळाला.

तपासाच्या पहिल्या काही दिवसांचे महत्त्व येथे लक्षात घेतले पाहिजे. जबाब, वैद्यकीय पुरावा आणि आरोपींना परस्परांपासून दूर ठेवणे या सर्व गोष्टी त्याच काळात साधाव्या लागतात. ताबा नसलेले पोलीस आरोपींच्या सैन्याच्या सौजन्यावर अवलंबून राहतात. 21 ऑक्टोबर 1995 रोजी गिनोवान येथे भरलेल्या निषेध सभेस सुमारे 85 हजार लोक उपस्थित होते. चारच दिवसांनी संयुक्त समितीने नवा निर्णय घेतला. त्यानुसार खून आणि बलात्काराच्या प्रकरणांत आरोपपत्रापूर्वी ताबा देण्याच्या विनंतीचा अमेरिका सहानुभूतीने विचार करील, असे ठरले. मार्च 1996 मध्ये नाहा जिल्हा न्यायालयाने दोघांना सात वर्षांची व तिसऱ्यास साडेसहा वर्षांची शिक्षा सुनावली.

‘सहानुभूतीने विचार’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. सहानुभूती ही देणाऱ्याच्या इच्छेवर असते. हक्क तसा नसतो. 2001 मध्ये चातान येथील बलात्कार प्रकरणात ताबा मिळण्यास काही दिवस लागले. 2002 मध्ये बलात्काराच्या प्रयत्नाच्या एका प्रकरणात अमेरिकेने ताबा देण्यास नकार दिला. मूळ कराराच्या मजकुरात मात्र आजतागायत एकदाही दुरुस्ती झालेली नाही. जे बदल झाले, ते पूरक समजुतींच्या स्वरूपात झाले.

घटनास्थळाच्या ताब्याबाबतही हाच अनुभव येतो. 13 ऑगस्ट 2004 रोजी अमेरिकी लष्कराचे हेलिकॉप्टर ओकिनावा आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारात कोसळले. विद्यापीठ खाजगी, जमीन जपानची, आणि तरीही अमेरिकी सैनिकांनी परिसराला वेढा घालून जपानी पोलिसांना अवशेषांजवळ येऊ दिले नाही.

सोडलेला हक्क :

1953 मध्ये संयुक्त समितीच्या बैठकीत जपानी प्रतिनिधीने असे निवेदन केले होते की, जपानच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची प्रकरणे वगळता अग्रक्रमाचा हक्क वापरण्याचा जपानचा विचार नाही. हे निवेदन दीर्घकाळ गोपनीय राहिले. अमेरिकी अभिलेखागारातील कागदपत्रांमधून ते अभ्यासकांच्या हाती लागले आणि 2011 मध्ये जपान सरकारनेही संबंधित कागदपत्रे प्रसिद्ध केली. कराराने दिलेला हक्क कराराबाहेरच्या समजुतीने निष्प्रभ होऊ शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

गोपनीयतेची ही सवय पूर्णपणे मोडलेली नाही. डिसेंबर 2023 मध्ये सोळा वर्षांखालील एका मुलीवर झालेल्या अत्याचाराबद्दल अमेरिकी हवाई दलाच्या सैनिकावर मार्च 2024 मध्ये आरोपपत्र दाखल झाले. टोकियोतील केंद्र सरकारला ही माहिती होती. ओकिनावाच्या प्रांतिक प्रशासनाला मात्र ती जून 2024 मध्ये, वृत्तमाध्यमांतून प्रकरण उघड झाल्यावर कळली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाहा न्यायालयाने आरोपीस पाच वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे न्यायालयीन प्रक्रिया येथे चालली, परंतु ज्या समाजाने सावध व्हावयाचे, त्यालाच अंधारात ठेवण्यात आले.

अन्य देशांतील अनुभव :

फिलिपिन्सच्या सिनेटने 1991 मध्ये लष्करी तळांच्या नव्या कराराला नकार दिल्याने अमेरिकी तळ बंद झाले. संयुक्त सरावांसाठी येणाऱ्या सैनिकांविषयी 1998 मध्ये नवा करार झाला. त्यानुसार न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत आरोपीचा ताबा अमेरिका मागू शकते आणि खटला एका वर्षात पूर्ण व्हावा लागतो. नोव्हेंबर 2005 मधील सुबिक येथील बलात्कार प्रकरणात मकाती येथील न्यायालयाने 4 डिसेंबर 2006 रोजी एका सैनिकास दोषी ठरवले आणि त्याला स्थानिक तुरुंगात पाठवले. अमेरिकेने आगामी संयुक्त सराव रद्द केल्याचे जाहीर केले. 29 डिसेंबरच्या रात्री त्या सैनिकाला तुरुंगातून अमेरिकी दूतावासात हलवण्यात आले. फेब्रुवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था कराराशी विसंगत ठरवली, परंतु एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने आरोपीची निर्दोष मुक्तता केल्याने तो प्रश्नच संपुष्टात आला. 2014 मधील ओलोंगापो येथील हत्या प्रकरणात दोषी ठरलेल्या दुसऱ्या सैनिकाने मनिलातील लष्करी मुख्यालयाच्या आवारात विशेष कोठडीत शिक्षा भोगली आणि सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला माफी दिली. शिक्षा झाल्यानंतरही ताबा आणि माफी हे राजनैतिक विषय राहतात, हा या दोन प्रकरणांचा धडा आहे.

इटलीतील कावालेसे येथे 3 फेब्रुवारी 1998 रोजी ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा खालून उडणाऱ्या अमेरिकी विमानाने रज्जुमार्गाची तार तोडली व 20 जण मृत्युमुखी पडले. उड्डाण निश्चितच कर्तव्याचा भाग असल्याने इटलीच्या न्यायालयाला खटला चालवता आला नाही. अमेरिकेतील लष्करी न्यायालयाने वैमानिकास मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. पुढे विमानातील चित्रफीत नष्ट केल्याबद्दल मात्र त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. दक्षिण कोरियात जून 2002 मध्ये लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली मरण पावल्या. हक्क सोडण्याची कोरियाची विनंती अमेरिकेने नाकारली. लष्करी न्यायालयाने दोन्ही सैनिकांना निर्दोष ठरवल्यावर सेऊलच्या रस्त्यांवर मेणबत्त्या घेऊन हजारो नागरिक उतरले.

पाठवणाऱ्या राष्ट्राची बाजू :

या प्रश्नाची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. सैनिक आपल्या इच्छेने परदेशी गेलेला नसतो. सरकारच्या आदेशाने तो तेथे असतो. त्यामुळे त्याला अपरिचित भाषेतील आणि वेगळ्या परंपरेतील न्यायव्यवस्थेच्या हवाली करताना काही हमी मागणे गैर म्हणता येणार नाही. जपानमध्ये चौकशीच्या वेळी वकिलाच्या उपस्थितीचा हक्क नाही आणि आरोपपत्र दाखल झालेल्या बहुतेक सर्व खटल्यांत आरोपी दोषी ठरतो. खुद्द जपानी कायदेतज्ज्ञही या पद्धतीवर टीका करतात. 2004 मध्ये गंभीर प्रकरणांतील चौकशीस अमेरिकी प्रतिनिधीला उपस्थित राहू देण्याचे जपानने मान्य केले, ही म्हणूनच योग्य दिशा होती. न्याय्य प्रक्रियेची हमी आणि लवकर ताबा या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. पहिली दिली तर दुसरी नाकारण्याचे कारण उरत नाही.

भारताच्या दृष्टीने महत्त्व :

स्वतंत्र भारतात परकीय सैन्याचा कायमस्वरूपी तळ नाही. तरीही हा विषय भारतापासून दूर नाही. 15 फेब्रुवारी 2012 रोजी केरळच्या किनाऱ्यापलीकडे ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मरण पावले. भारताने खटला चालवण्याचा प्रयत्न केला. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने भारताला भरपाईचा हक्क मान्य केला, पण नौसैनिक आपल्या राष्ट्राच्या कामावर असल्याने भारतीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर आहेत, असा निर्णय बहुमताने दिला. इटलीने 10 कोटी रुपये भरल्यानंतर जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातील कार्यवाही बंद केली. जानेवारी 2022 मध्ये रोममधील न्यायालयानेही प्रकरण बंद केले. कुटुंबांना पैसा मिळाला, परंतु त्या दिवशी नेमके काय घडले याचा निवाडा कोणत्याही फौजदारी न्यायालयात झाला नाही.

भारत दुसऱ्या भूमिकेतही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सर्वाधिक सैनिक पाठवणाऱ्या देशांत भारताची गणना होते. शांतिसैनिकांवरील फौजदारी न्यायाधिकार सर्वस्वी त्यांना पाठवणाऱ्या देशाकडे असतो. तेव्हा ओकिनावातील नागरिक अमेरिकेकडून जी अपेक्षा करतात, तीच अपेक्षा आफ्रिकेतील एखाद्या गावाने भारताकडून करणे स्वाभाविक आहे. केरळच्या मच्छीमारांसाठी जो न्याय आपण मागितला, तोच आपल्या सैनिकांच्या बाबतीत देण्याची तयारी असणे हे सुसंगत धोरणाचे लक्षण ठरेल.

निष्कर्ष :

1) ओकिनावातील अनेक प्रकरणांत कायद्याचा अभाव ही अडचण नव्हती. न्यायाधिकार स्पष्ट असूनही आरोपीचा ताबा, घटनास्थळ आणि माहिती दुसऱ्याच्या हाती राहिल्याने तो दुबळा झाला.
2) कृत्य कर्तव्याचा भाग होते की नाही, याचा निर्णय केवळ आरोपीच्या वरिष्ठाच्या प्रमाणपत्रावर सोपवणे योग्य नाही. तो यजमान राष्ट्राच्या न्यायालयीन तपासणीस खुला असावा.
3) गंभीर गुन्ह्यांत आरोपपत्रापूर्वी ताबा मिळणे हा करारातील हक्क असावा. त्याच्या बदल्यात दुभाषा, वकील व प्रतिनिधीची उपस्थिती यांची हमी देण्यात यावी.
4) संयुक्त समित्यांमधील समजुती प्रसिद्ध करण्यात याव्यात. ज्या नागरिकांच्या जीवितावर त्यांचा परिणाम होतो, त्यांना त्या अज्ञात असणे लोकशाहीशी विसंगत आहे.
5) प्रत्येक मोठी सुधारणा एखाद्या भीषण गुन्ह्यानंतर आणि जनतेच्या रेट्यानंतर झाली. 1995 ची समजूत एका बारा वर्षांच्या मुलीवरील अत्याचारानंतर आली. सुधारणेसाठी पुढच्या पीडितेची वाट पाहावी लागू नये, हीच सैन्यदर्जा करारांच्या फेरविचारामागील प्रमुख प्रेरणा असावयास हवी.